बसफुगडी

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी पुतणीची पहिली मंगळागौर होती, दादरच्या एका हॉलमध्ये. पूजा झाली, फराळ झाला, पदर खोचले गेले आणि खेळांना रंग चढला. झिम्मा झाला, पिंगा झाला, सूप नाचवून झालं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "अगं, त्या मॅरेथॉनवाल्या काकूंना घ्या की बसफुगडीला!"

मॅरेथॉनवाल्या काकू म्हणजे मी. पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, मी जन्मात धावलेली नाही. तीन हाफ केल्यात. पण आमच्याकडे एकदा छातीवर नंबर लावून पळालेलं माणूस कायमचं मॅरेथॉनवालं होतं. मी ऐटीत रिंगणात गेले. समोर पुतणीची चुलतसासू, पासष्टीच्या आसपासची, अंगाने चांगली भरलेली. ती टपकन उकिडवी बसली, दोन्ही पावलं पूर्ण टेकवून, आणि माझी वाट बघत तशीच राहिली. मी बसायला गेले. अर्ध्यातच उजवी टाच उचलली गेली, ती टेकवायला गेले तर वजन मागे गेलं, आणि नऊवारीसकट मी सतरंजीवर उताणी. हॉल हसला. मीही हसले, दुसरं काय करणार.

आई बाजूलाच मांडी घालून बसली होती. ती हसली नाही. खरोखर कोड्यात पडल्यासारखी म्हणाली, "रोज पहाटे उठून एवढं पळतेस, आणि तुला बसता येत नाही?"

पार्ल्याला परत येताना तो प्रश्न कुसळासारखा टोचत राहिला. कारण जुलैपासून माझी उजवी धोंडशीर दुखत होती. धोंडशीर हा आईचा शब्द. टाचेच्या वर, मागच्या बाजूला जाड दोरीसारखी हाताला लागते ती शीर, रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी. पळणारे तिला अकिलीस म्हणतात. सकाळी पलंगावरून न्हाणीघरापर्यंतची पहिली दहा पावलं मी भिंतीला धरून टाकायचे. मग शीर गरम झाली की विसरून जायचे. गरम झाल्यावर दुखत नाही म्हणजे काही झालेलंच नाही, हा पळणाऱ्यांचा लाडका गैरसमज. मीही तो दीड महिना इमानेइतबारे जपला.

मंगळागौरीनंतर मात्र फिजिओकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने मशीन लावलं नाही, एमआरआय सांगितला नाही. भिंतीसमोर उभं केलं. "ताई, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. लागला की पाऊल थोडं मागे घ्यायचं, परत लावायचा." टाच उचलायला लागते त्या जागी थांबायचं आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं. डावा पाय ९ सेंटिमीटर. उजवा ४. साधारण १० किंवा जास्त असावं आणि दोन पायांत फार फरक नसावा, एवढंच ती म्हणाली. मग टेबलाच्या कडेला उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगितला. दुसरा पाय कडेवरून खाली लोंबायला हवा होता. माझी मांडी टेबलाच्या वर, हवेत, शेल्फसारखी राहिली.

"बसून काम आहे का?"

आहे ना. फोर्टातलं ऑफिस, सकाळी दहा ते सात. त्याआधी आणि नंतर पार्ला ते चर्चगेट. पार्ल्याला फास्ट थांबत नाही, त्यामुळे स्लो लोकलचा पाऊण तास, आणि बसायला मिळालं तर तोही बसून. खुब्याच्या पुढून मांडीकडे जाणारे स्नायू त्या नऊ-दहा तासांत आखडूनच असतात. मग पहाटे मी त्यांना सांगते, आता मागे ताणा. पळताना मागचा पाय खुब्यातून दहा-वीस अंश तरी मागे जावा लागतो. खुबा मोकळा नसेल तर तो आवाका कंबरेतून काढला जातो, आणि मग पंधराव्या किलोमीटरनंतर कंबर भरून येते. माझी यायची. मी ते वयावर ढकललं होतं. घोट्याचंही तेच. तो पुढे वाकत नसेल तर टाच वेळेआधी सुटते, पाऊल आत कलतं, गुडघा त्याच्यामागे जातो, आणि प्रत्येक पावलाचा हिशेब कुणाला ना कुणाला भरावा लागतो. तो भरणारा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

एक गोष्ट तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितली. मुळात चूक घोट्याची नव्हती, माझ्या हावेची होती. जूनमध्ये मी आठवड्याला पंचवीस किलोमीटर पळत होते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमधल्या हाफची तयारी म्हणून महिन्याभरात चाळीसवर नेले. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, स्नायू त्यांच्या मागून येतात, शिरा आणि अस्थिबंध सगळ्यात शेवटी. ढिला घोटा असता तरी कदाचित दुखलं असतं. आखडलेल्या घोट्याने फक्त कुठे दुखायचं ते ठरवलं.

आता हे 'मोबिलिटी' प्रकरण, म्हणजे सांधा स्वतःच्या ताकदीवर पुरता फिरवता येणं. मराठीत आपण सगळ्याला लवचिकता म्हणून मोकळे होतो, पण त्यात एक मेख आहे. टेबलावर उताणी असताना तिने माझा सरळ पाय वर उचलला, तो बऱ्यापैकी वर गेला. मग म्हणाली, "आता मी सोडते, तुम्ही तिथेच धरून ठेवा." सोडला. पाय धपकन अर्ध्यावर आला. दुसऱ्याने नेलं तर जातो, स्वतःहून राहत नाही. या दोन्हींमधलं जे अंतर, तो माझा खरा प्रश्न. पळताना पाय धरायला कुणी नसतं. म्हणजे सांधा नुसता ढिला करून भागत नाही, त्या टोकाला ताकदही लागते. आपण ज्याला 'आखडलंय' म्हणतो ते पुष्कळदा अशक्त असतं, आणि अशक्त स्नायू स्वतःला आवळून धरतो.

मी हे ऐकून घरी आले आणि माझ्या स्वभावाप्रमाणे अति केलं. स्नायूंखाली लोळवायचा फोम रोलर आणला, रबरी पट्टे आणले, व्हिडिओ लावून चाळीस मिनिटांचा कार्यक्रम आखला. तो अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी गॅस संपला, तेराव्या दिवशी पाऊस होता, आणि नंतर रोलरवर मुलाने चार्जर ठेवायला सुरुवात केली. माझ्या ओळखीतल्या पळणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी असा एक रोलर आहे. दहा किलोमीटर उत्साहाने पळणारं माणूस दहा मिनिटं घोटा फिरवायला नाखूश असतं. पळण्यात वारा असतो, मरीन ड्राइव्ह असतो, घड्याळातला आकडा असतो. घोट्याच्या व्यायामात यातलं काही नाही. फोटोसुद्धा निघत नाही.

मग मी आईकडे बघायला लागले. म्हणजे ती समोर होतीच, पण बघत नव्हते.

आई ७६ वर्षांची. गिरगावातल्या चाळीत तिचं आणि माझं अर्धं आयुष्य गेलं. तिथे सगळं जमिनीवर होतं. जेवण पाटावर, भाजी निवडणं जमिनीवर, धुणं मोरीत उकिडवं बसून, संडास देशी, झोप गादी अंथरून. एकेका दिवसात पन्नास वेळा खाली आणि पन्नास वेळा वर. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. बायका उलट कंबर मोडली म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. पुढे आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, मी लग्न होऊन पार्ल्यात आले, आणि घरातलं एकेक सामान जमिनीपासून दीड फूट वर चढलं. पलंग, सोफा, डायनिंग टेबल, कमोड. आता दिवसभरात माझा गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकायची वेळच येत नाही. आई आता माझ्याकडेच असते, पण डायनिंग टेबलाशी तिचं जमलं नाही. ताट घेऊन खालीच बसते आणि हात न टेकता उठते.

पळण्यात हालचाल खूप आहे असं आपल्याला वाटतं. खूप आहे, पण एकच आहे. मिनिटाला १६५च्या आसपास पावलं, हाफला मला अडीच तास, म्हणजे पंचवीस हजारांच्या घरात पावलं, आणि प्रत्येक पाऊल पडताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार. सगळी पावलं सारखीच: पुढे, पुढे, पुढे. बाजूला नाही, वळून नाही, खोल नाही. एकच वाक्य पंचवीस हजार वेळा म्हणायचं आणि भाषा येते असं समजायचं. मंगळागौरीच्या खेळांत बघा: बसून उडी, वाकून गिरकी, कंबरेतून पीळ, गाठोड्यात तर अंगाचा गोळा करून लोळायचं. एका रात्रीत सगळे सांधे सगळ्या दिशांनी फिरून यायचे. ज्यांनी कुणी ते रचले त्यांना मोबिलिटी हा शब्द माहीत नव्हता, हे बरंच झालं.

ब्राझीलमधल्या डॉक्टर क्लॉदियो अराउजो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना त्यांनी जमिनीवर बसून उठायला लावलं. दहापैकी गुण, हात, गुडघा, काहीही टेकवलं की एकेक वजा, तोल गेला की अर्धा वजा. पुढच्या काही वर्षांत कमी गुणवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. रात्री अकरा वाजता हे वाचून मी हॉलमध्ये बसून-उठून पाहिलं. सात. सकाळी आईला करायला लावलं. साडेनऊ, तोही अर्धा गुण साडीत पाय अडकल्यामुळे गेला. तिने विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं नाही. कमी गुण मिळाले म्हणून माणूस मरत नाही. ज्याचं बळ, तोल, वजन बिघडलेलं असतं त्याचे गुण कमी येतात, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्या आईपेक्षा अडीच गुणांनी मागे असणं हे वाचून सोडून देण्यासारखं नव्हतं.

तेव्हापासून संध्याकाळी मी खाली बसते. लसूण सोलायला, मालिका बघायला, ऑफिसचा एखादा फोन घ्यायला. मांडी घालून, मग एक पाय पुढे काटकोनात आणि एक मागे काटकोनात, व्हिडिओवाले याला नाइंटी-नाइंटी म्हणतात, आणि आई म्हणते, "हे काय हरणासारखं बसलीस." हात न टेकता त्या बाजूवरून या बाजूला वळायचं. पहिल्या आठवड्यात उजव्या खुब्यातून असा काही आवाज यायचा की आईने टीव्ही बारीक केला. कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळात एक गुडघा टॉवेलवर टेकून खुबा पुढे ढकलते. तिथेही नुसतं लोटायचं नसतं, मागच्या पायाकडचा कुल्ला आवळायचा, मग मांडीच्या पुढून खरी ओढ बसते. नाहीतर कंबर आत जाते आणि आपल्याला वाटतं, वा, काय ताण बसला. शाळेत रथसप्तमीला आम्ही सूर्यनमस्कार घालायचो, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गावोगाव नेलेले. त्यात एक पाय मागे टाकून छाती वर काढायची स्थिती हीच. मागच्या पावलाचा अंगठाही त्यात पुरता दुमडतो, आणि पळताना जमीन सोडायची ती त्याच अंगठ्यावरून. चाळीस वर्षांनी हे लक्षात आलं. तेव्हा आमचं सगळं लक्ष संपल्यावर मिळणाऱ्या केळ्याकडे.

धोंडशिरेचं मात्र बसून भागलं नाही. तिला ओझं लागतं. स्वीडनचे अस्थिशल्यतज्ज्ञ होकान आल्फ्रेडसन यांची गोष्ट फिजिओने सांगितली. त्यांची स्वतःचीच अकिलीस दुखत होती, वरिष्ठ शस्त्रक्रिया करायला तयार होईनात. तेव्हा शीर तुटली तर तरी करावी लागेल म्हणून ते दुखऱ्या पायावर टाचा खाली सोडत राहिले, आणि शीर तुटायच्या ऐवजी बरी झाली, असं सांगतात. १९९८मध्ये त्यांनी १५ हौशी खेळाडूंवर ती पद्धत वापरून निष्कर्ष छापले. पायरीच्या कडेवर चवडे, दोन्ही पायांवर वर जायचं, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. १५ वेळा, तीनदा. गुडघा सरळ ठेवून एकदा आणि वाकवून एकदा, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वर जाऊन चिकटलेला असतो. गुडघा वाकला की तो सुटी घेतो आणि खालच्या सोलिअसला कामाला लागावं लागतं. दिवसातून दोन वेळा. म्हणजे रोज १८०, बारा आठवडे. थोडं दुखलं तरी चालतं, ही सूचना मला फार आवडली.

हे मी सुरुवातीला स्टेशनच्या पुलावर करून पाहिलं. सकाळी पावणेनऊला. दोन झाले, तिसऱ्याला गर्दीने मला उचलून थेट फलाटावर नेऊन सोडलं. मग बिल्डिंगचा जिना धरला, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला. पहिल्या दिवशी वरच्या काकांनी विचारलं, "किल्ली विसरलात का?" दुसऱ्या दिवशी त्यांनीही कठडा धरून पाच टाचा सोडून पाहिल्या. लोकलमध्ये उभं राहायची पाळी आली तर दांडीला धरून चवड्यांवर वर-खाली करते. त्यात एकच अडचण, लेडीज डब्यात चवड्यांवर उंच झालेली बाई म्हणजे सीट शोधणारी बाई. दर वेळी समोरची कुणीतरी आपण होऊन सांगते, "मी बांद्रा." मी "हो" म्हणते. दोनदा खरंच बसायला मिळालंय, आणि व्यायाम बुडालाय.

रविवारी शिवाजी पार्कात जाते तिथलाही एक समज मोडावा लागला. पळायच्या आधी कट्ट्यावर टाच ठेवून, नाक गुडघ्याला लावून मिनिट-मिनिट ताण धरणारी मंडळी तिथे ओळीने दिसतात. मीही त्या ओळीतली. थंड स्नायू असा मिनिटाच्या वर ताणून धरला की तो थोड्या वेळासाठी उलट कमी जोर लावतो. आणि नुसत्या ताणाने दुखापती टळतात याला भक्कम पुरावा नाही. आता कट्ट्याला हात लावून पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवते, चार-सहा लांब ढांगा टाकून त्यात छाती वळवते, घोटा भिंतीकडे रेटते, आणि सावकाश निघते. सहा मिनिटं. ताण धरायचाच तर रात्री. शिवाय फार ढिलं व्हायचंच नाही, कारण पळणाऱ्याची धोंडशीर ही स्प्रिंग असते, पाऊल पडताना जोर साठवते आणि उडताना परत देते. स्प्रिंगची कुणी चिंधी करून घेत नाही. पार्काच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर पोरं पाठीची कमान करून उलटी लटकतात. उदय देशपांडे सरांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली ती ह्याच मातीतल्या कामासाठी. ती पोरं बघून हेवा वाटतो, पण मला तेवढं नकोय. मला उकिडवं बसता आलं, खुबा मागे उघडला आणि पाठ वळली की माझं भागतं.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी हाफ केली. सी लिंकवर वारा होता. पेडर रोडच्या चढावर नेहमीप्रमाणे बिल्डिंगांतली माणसं संत्र्याच्या फोडी घेऊन उभी होती, आणि नेहमीप्रमाणे तिथे मी चालले. वेळ आधीच्या वर्षीपेक्षा तीन मिनिटं जास्तच लागला. पण मी ज्या घडीची वाट बघत होते ती सोमवारी सकाळी आली. पलंगावरून पाय खाली सोडले, उभी राहिले. मांड्या आक्रंदत होत्या. धोंडशीर गप्प. न्हाणीघरापर्यंत भिंतीला हात न लावता गेले आणि उगाच परत येऊन पुन्हा एकदा गेले.

स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी फरशीवर नखांच्या लाल पॉलिशने टिंबं काढलीयेत, लहान मुलांची उंची दारावर मांडतात तशी. आधी पेन्सिलने काढायचे तर लादी पुसताना जायची. उजव्या पायाचं ४चं टिंब सगळ्यात जुनं, मग ५, साडेसहा. परवा ८ झालं. आई शेंगा सोलत बघत होती. उठली, पदर खोचून भिंतीसमोर उभी राहिली, पाऊल मागे घेत घेत गेली. १२. तिचंही टिंब काढावं लागलं.

पण म्हणून जुनं ते सोनं, असं म्हणायला मी जात नाही, कारण त्याच आईचा डावा खांदा वर्षभर धरलाय. हात कानापर्यंत जात नाही. चाळीत कपडे उंच वलणीवर काठीने वाळत घालायचे, हात ताणून, रोज दोन बादल्या. आमच्याकडे आल्यापासून कंबरेएवढा स्टँड. वलण सुटली म्हणून खांदा धरला, असं मी छातीठोकपणे सांगत होते. डॉक्टरांनी तिच्या साखरेकडे बोट दाखवलं. मधुमेहींत खांदा असा धरण्याचं प्रमाण जास्त असतं. माझी सुंदर उपपत्ती तिथेच आडवी झाली. मात्र आता दुखणं ओसरलंय तेव्हा काठी धरून हात वर न्यायचा व्यायाम त्यांनीच दिला. आईने विचारलं, "वलणीची चालेल?" ते म्हणाले, पळेल.

तेव्हा काल ऑफिसातून येताना दादरला उतरले आणि वेताची काठी घेतली, चांगली पाच फुटी. साडेसातच्या लोकलमध्ये ती उभी धरून मी दारापासून दोन बायका आत, चवड्यांवर वर-खाली करत होते. कोपऱ्यातल्या एकीने काठीकडे बघितलं, माझ्या टाचांकडे बघितलं, आणि पिशवी उचलून घेत म्हणाली, "बसा मावशी, मी खारला उतरतेय."